माशावर दूध

माझ्या कपाळावर, बरोबर मधोमध, जन्मापासून पांढऱ्या केसांची एक बट आहे आणि तिच्या खाली रुपयाएवढा पांढरा डाग. लहानपणी आई दर रविवारी कांदिवलीच्या घरात मला मोरीपाशी पाटावर बसवायची आणि त्या बटेला मेंदी लावायची. मी आदळआपट करायचे. शाळेत म्हातारी म्हणून चिडवणाऱ्या दोघींना मी बदडलंही होतं, पण बट लपवावी असं मला कधी वाटलं नाही. लपवायची घाई आईला होती.

आणि आई मासे खात नसे. मालवणकडची बाई, बांगड्याचं तिखलं असं करणार की शेजारचे वाटी घेऊन येतील, आणि स्वतः वरणभात खाऊन उठणार. नवस असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मालवणी माणसाला मासे सोडायला लावणारा देव मला एकदा बघायचाय, असं बाबा म्हणायचे. ती हसायची नाही.

गेल्या वर्षी मला मुलगी झाली. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. आईने टोपडं जरा मागे सारलं आणि ती खुर्चीत बसलीच. इवल्याशा कपाळावर तीच बट, त्याच जागी.

“तू पण माशावर दूध प्यायलंस काय गो?” तिने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. मी पोटात असताना, पाचव्या महिन्यात, तिने पोटभर तिखलं खाल्लं होतं. जळजळ थांबेना म्हणून वर गार दूध घेतलं. मासे आणि दूध एकत्र पोटात गेलं की अंगावर पांढरे डाग उठतात, हे गावात तिने शंभरदा ऐकलेलं. मी जन्मले त्या दिवशी तिने मासे सोडले, त्याला चौतीस वर्षं झाली होती.

मला रागच आला. “अगं, कोणाला तरी विचारायचंस ना.”

“कोणाक विचारू? मगे घरात कळला असता.”

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी आईला बळेच अंधेरीला नेलं, जनुकांचा अभ्यास असलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी माझं रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर त्या माझ्याशी बोललेच नाहीत, खुर्ची आईकडे वळवून बसल्या.

“मावशी, तुमच्या मसाल्याची कृती कोणी उतरवून घेतली आणि तिच्यावरून दुसरीने, तिसरीने, तर काय होईल? कुठे एक अक्षर बदलेल, कुठे ओळ गळेल, एखादी ओळ दोनदा लिहिली जाईल. बहुतेक वेळा चवीत फरक पडत नाही. कधी सगळा मसाला बिघडतो. क्वचित आधीपेक्षा बरा होतो. शरीर घडवायची कृतीही अशीच उतरवली जाते आणि ती तीनशे कोटी अक्षरांची आहे. कधी उन्हाने, तंबाखूने, एक्स-रेने चूक होते, पण पुष्कळदा नुसता हात चुकतो. हिच्यात एक अक्षर बदललंय.”

मग त्यांनी त्या बटेचं कारण सांगितलं. पोटातल्या बाळाला रंग देणाऱ्या पेशी म्हणे पाठीच्या कण्यापाशी जन्मतात आणि तिथून अंगभर चालत जातात. कपाळाच्या मध्यावर त्या अगदी शेवटी पोहोचतात. माझ्यातल्या तेवढ्याच पोहोचल्या नाहीत. एक अक्षर बदललं आणि त्या दोन बोटं अलीकडे थांबल्या. ज्या बटेवरून मी मारामाऱ्या केल्या, तिथे एवढा मोठा प्रवास संपत होता आणि मला पत्ताही नव्हता.

“तुम्हा नवरा-बायकोपैकी कोणाच्या बीजात हा बदल झाला, ते सांगता येणार नाही. पण ही पोटात राहिली त्याच्याही आधीचा तो आहे,” बाई म्हणाल्या. “पाचव्या महिन्यात तुम्ही काहीही खाल्लं असतंत, तरी ही बट असतीच. आता हिच्याकडून मुलांत यायची शक्यता निम्मी.”

आई बराच वेळ नातीच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. “म्हंजे माझ्यामुळे नाय,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता, तरी बाईंनी “नाही” म्हणून उत्तर दिलं.

घरी येताना तिने स्वतः बांगडे निवडून घेतले. दुपारी तिखलं केलं, आम्हाला वाढलं, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पानातही वाढून घेतलं. बाबा खाली मान घालून काटे काढत होते.

तिने घास घेतला, सावकाश चावला आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

“मीठ कमी आसा,” ती म्हणाली. “इतकी वर्सां एकान तरी सांगूचा होता.”

आम्ही काय सांगणार? आम्हाला तीच चव माहीत होती.