आम्ही न ऐकलेलं कडवं

पोलिस खात्यातून निवृत्त होऊन फार दिवस झालेले नाहीत. ती घटना आजही आठवते, आणि राग येतो तो स्वतःचाच.

रत्नागिरीजवळच्या एका गावात शक्ती-तुऱ्याचे एक वयस्क शाहीर होते. या खेळात दोन पक्ष समोरासमोर उभे राहून गाण्यातून सवाल-जवाब करतात. एका सकाळी शाहिरांच्या आवाजातलं एक गाणं मोबाइलवर फिरलं. समोरच्या शाहिराच्या मयत आईबद्दल त्यात गलिच्छ शब्द होते. दुपारी त्या पक्षाची माणसं काठ्या घेऊन शाहिरांच्या घरी आली. शाहिरांची बायको मध्ये पडली, तिच्या डोक्यात घाव बसला आणि तिला इस्पितळात हलवलं. काठ्या चालवणारे तिघे आम्ही तासाभरात ताब्यात घेतले, आणि चिथावणीच्या चौकशीसाठी शाहिरांनाही ठाण्यात आणून बसवलं.

"साहेब, आवाज माजाच हाय. पन मी नाय गायलो."

"मग काय तुमच्या भुतानं गायलं?" मी खेकसलो. चोर कधी चोरी कबूल करतो का, असं माझं डोकं तेव्हा चालायचं.

त्यांनी हात जोडले. "इस्पितळात जाऊन येतो. तिनं ते गानं ऐकलान. तिला वाटतंय, मीच गायलो. तेवडं सांगतो नि परत येतो."

"आधी जबाब," मी म्हणालो.

तीन तास तेच प्रश्न, तेच उत्तर. मग आमचे हवालदार आत आले. ते स्वतः शक्ती-तुऱ्यात झांज वाजवणारे.

"साहेब, गाणं शेवटपर्यंत ऐकलंत?"

कुठलं ऐकतोय! दोन कडव्यांतच किळस येऊन मी बंद केलं होतं.

"शेवटच्या कडव्यात शाहीर आपल्या गुरूला वंदन करतो. इथे ह्यांचंच नाव आहे. स्वतःला गुरू कोण म्हणेल? हे ह्यांच्या चेल्याचं काम."

गाणी रचणारा शिष्य एकच होता. तासाभरात तो समोर बसला, आणि दरडावायचीही गरज पडली नाही. शाहिरांचा घसा बसत चालला होता. जुनी गाणी टिकावीत म्हणून त्यांनीच दोन दिवस बसून त्याला आवाज नोंदवून दिला होता. त्यावरून एआय हुबेहूब त्यांच्यासारखं गाऊ लागलं.

"चिडवायला केलं, साहेब. समोरचे गाण्यातून उत्तर देतील, गाणं गाजेल, एवढंच डोक्यात होतं."

"आणि गुरूचं नाव कशाला घातलंस?"

तो रडायला लागला. "ते न घेता गाणं संपवू कसं? पाप लागतं."

आईवरून शिव्या घालताना लागलं नाही ते पाप! मी त्याचा जबाब लिहून घेत असतानाच इस्पितळातून फोन आला. बाई गेल्या होत्या.

बाहेर बाकावर बसलेल्या शाहिरांना मी आधी ते सांगितलं. मग म्हणालो, "तुम्ही गायला नाहीत, हे सिद्ध झालंय."

"तिला कोन सांगनार, साहेब?"

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, दोषारोपपत्र गेलं. आवाज हा आता पुरावा म्हणून एकटा उभा राहत नाही, हे मी नव्या अधिकाऱ्यांना सांगतो, आणि ते वहीत उतरवून घेतात. मला या प्रकरणानं शिकवलं ते वेगळंच आहे. इस्पितळ ठाण्यापासून जीपनं दहा मिनिटांवर होतं. सोबत एक शिपाई दिला असता, तरी पुरलं असतं.