थोरल्या बहिणीचा कोंडा

आमच्या घरी कोंडा सगळ्यांनाच होता. बाबांना होता, मला होता, मायला तर बारा महिने होता. दिवाळीनंतर थंडी पडली की प्रत्येकाच्या खांद्यावर पीठ सांडल्यासारखा दिसायचा आणि कोणी तो मनावर घेत नसे. पण माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि त्यानंतर तिच्या एकटीच्याच डोक्यातला कोंडा साऱ्या घराला दिसायला लागला.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं, धानाचं, जंगलाला लागून असलेलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, बहीण सतराच्या आतबाहेर. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, मीही तेच म्हणायची. बाईचे केस कमरेच्या खाली यायचे. माय तिची वेणी घालायला बसली की टोक धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे असे, आणि मला ते मुळीच आवडत नसे. माझी स्वतःची वेणी उंदराच्या शेपटीएवढी होती.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, बाजार लागतो, रात्री दंडारीचं नाटक होतं. एका साली शेजारच्या गावच्या दंडारीत एका पोराने राणीचं काम केलं. लुगडं नेसून, डोक्याला खोट्या केसांचं गंगावन बांधून तो असा काही ठुमकला की बाई पोट धरून हसली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच पोराच्या घरचे तिला पाहायला आले. बाईने मला आत ओढलं आणि कानात म्हणाली, "राणीच हाये वं थो." तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुढे कधी पाहिलं नाही.

मुलाच्या आईने रीतीप्रमाणे बाईचा अंबाडा सोडून पाहिला. वेणी पाठीवरून खाली उतरली तशी ती मायला म्हणाली, "डोस्कं भरून केस हायेत पोरीले." धान घरात आल्यावर लग्न करायचं ठरलं.

पावसाळ्यात धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू असताना बाईला हिवताप आला. आमच्या जंगलपट्टीत हिवताप कोणाला येत नव्हता? अंगावर घोंगडी, घोंगडीवर मी बसलेली, आणि खाली तिचे दात वाजताहेत, हे दर साली कोणाच्या तरी बाबतीत व्हायचंच. कोयनेलच्या गोळ्या घेऊन ती उठली. तोंड पिवळं पडलं होतं, तरी चिखलात उतरली. ताप सगळेच विसरले.

दसऱ्याच्या सुमाराला तिचे केस जायला लागले. फणी फिरवली की मूठभर गुंता निघे. अंगणात केस, चुलीजवळ केस. बाबांच्या भातात लांब केस आला की ते तो ताटाखाली सारत आणि मुकाट्याने जेवत. माय बाईच्या डोक्यात पाही, तर तिला कोंडा दिसे. तो आधीही होताच, पण आता केस विरळ झाल्यामुळे उघडा पडला होता. गावात ज्या कोणाला विचारावं तो एकच सांगे, कोंडा केस खातो. मायला ते पटलं. मलाही पटलं, कारण मला त्या वयात काहीही पटायचं.

मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं सुरू झालं. आधी लिंबू, मग कडुनिंबाचा पाला, मग राखेचं पाणी. कोणीतरी मातीचं तेल सांगितलं, ज्याला शहरात रॉकेल म्हणतात, तेही चोळून झालं. बाईचे डोळे लाल व्हायचे. माय बारीक दातांच्या फणीने कोंडा खरवडून काढी आणि त्याच्याबरोबर आणखी केस येत. पुढे पुढे कातडीही निघायला लागली, जखमा झाल्या. मायचा हात थांबला तर बाईच म्हणे, "आनखी घास वं माय. जाऊ दे एकदाचा थो कोंडा." तिला ते लग्न हवं होतं. इतकं सरळ होतं ते.

बाबा एकदा म्हणाले, चांद्याच्या दवाखान्यात नेऊ. माय अंगावर धावून गेली. मुलाचा काका चांद्यात राहत होता. पोरीला दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली पाहिली तर काय सांगेल तो? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मायने मूठ झाकून ठेवली.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लेकीला मोठा ताप आला आणि दोनेक महिन्यांनी तिचे केस गळायला लागले. डॉक्टरने पाहिलं आणि सहज सांगितलं, तापानंतर असं होतं, पोटभर खाऊ घाला, परत येतील. मी कोंड्याचं विचारलं. कोंड्याने खाज सुटते, तो म्हणाला, खाजवून-खरवडून केस आणखी जातात, पण एवढे केस तापामुळे गेले. मी तिथेच रडायला लागले. त्याला वाटलं, लेकीच्या केसांसाठी रडते आहे.

पण ते नंतरचं. त्या वर्षी मंडईला मुलाची आई पाहुणी म्हणून येणार असा निरोप आला. मायने बाजारातून गंगावन आणवलं आणि बाईच्या उरल्यासुरल्या केसांत गुंफलं. पुरुषाने गंगावन लावलं तर साऱ्या गावाने वाहवा करायची, आणि पोरीने लावलं तर ती फसवणूक. हा न्याय कोणी केला ते मला ठाऊक नाही.

मुलाची आई आली ती शेवंतीची वेणी घेऊन. होणाऱ्या सुनेच्या केसांत स्वतःच्या हाताने माळायची तिला हौस होती. मायने नको नको म्हटलं, चहा पुढे केला, पण तिने बाईला उन्हात बसवलं आणि डोक्यावरचा पदर मागे सारला. वेणी खोचताना गंगावन ढिलं होऊन तिच्या हातात आलं. खाली चट्टे होते, खपल्या होत्या, कोंडा होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी धरता आला असता. तिने गंगावन हळूच परत बांधलं. वर शेवंती माळली. बाईच्या डोक्यावर पदर ओढला आणि मायला म्हणाली, "इहीनबाई, माह्या घरी तीन पोरी हायेत लग्नाच्या. एका फनीनं साऱ्याइले कोंडा लागन. मी काय करू, सांगा."

लग्न मोडलं. वैशाखात त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. वाजंत्री आमच्या बांधापर्यंत ऐकू येत होती. बाई त्या दिवशी ढोलीतून धान काढून कांडत बसली, घरात तांदूळ असताना.

मोडलेल्या लग्नानंतर मायने औषधं सोडली. कोणासाठी करायची? फणीसुद्धा बाई स्वतःच कशीबशी फिरवायची. जखमा सुकल्या. होळीच्या सुमारास तिच्या कपाळावर बारीक बारीक केस उभे दिसायला लागले होते, आणि दुसरी थंडी येईस्तोवर डोकं पुन्हा भरलं. एका सकाळी बाई केस सोडून उन्हात बसली होती. केस दाट होते आणि त्यांच्यावर जागोजागी कोंडा पडलेला होता, नेहमीसारखाच. माय सूप हातात घेऊन तिच्यामागे उभी राहिली.

"कोंडा तं हायेच वं," माय म्हणाली. "मंग केस कसे आले?"

माय तिथेच खाली बसली आणि लुगड्याचा पदर तोंडात कोंबून रडली. तिला सगळं कळलं असेल असं मी म्हणत नाही, पण आपण भलत्याच शत्रूच्या मागे लागलो होतो एवढं तिला कळलं.

गावात मात्र बाईचं नाव खराब झालं होतं. रोगी डोक्याची पोरगी म्हणून दोन वर्षं कोणी फिरकलं नाही. मग गडचिरोलीच्या पलीकडून एका बिजवरासाठी विचारणा आली. बायको बाळंतपणात गेलेली, मागे दोन लेकरं. त्याची बहीण आणि मामी पाहायला आल्या. बाई पाटावर बसली, पानसुपारी झाली. बोलणं दुधाचं, लेकरांच्या आजारपणाचं चाललं होतं. माय कितीतरी वेळ वाट पाहत राहिली आणि शेवटी आपणच उठली. बाईचा अंबाडा तिने स्वतःच सोडला, वेणी मोकळी केली, दोन्ही हातांनी केस पाठीवर पसरले आणि म्हणाली, "पाहा ना जी, किती केस हायेत माह्या पोरीचे."

बिजवराची बहीण सुपारी कातरत होती. तिने वर पाहिलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "केस नाई पाहाचे आमाले. लेकराइले सांभाळन काय, थे सांगा."

माय केस हातात धरून तशीच उभी होती. बाईने तिच्या हातातून ते काढून घेतले, स्वतःच गाठ मारली आणि म्हणाली, "सांभाळीन."