भीमराजभाऊंची बारा हजार पावलं

चाकणच्या ज्या कारखान्यात भीमराज सूर्यवंशी लाइन सुपरवायझर आहेत, तिथे पहिल्या शिफ्टची सुरुवात त्यांच्या चार शब्दांनी होते. शब्द चार नसतात. शिस्त, वेळ आणि मनाची ताकद या तिन्हींवर ते रोज सकाळी सात वाजता बोलतात, आणि समोरची बावीस माणसं हेल्मेटचे पट्टे आवळत उभी असतात.

दसऱ्यानंतर त्यांच्या बोलण्यात धावणं आलं. कारण साखर. डॉक्टर विजयश्रींनी रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, "गोळ्या चालू ठेवा आणि तीन महिने रोज धावा, निदान भरभर चाला. जानेवारीत साखर उतरलेली नसेल तर इन्सुलिन सुरू करू." भीमराजभाऊ पत्रे दाबणाऱ्या प्रेसच्या खाली बेधडक हात घालणारे गृहस्थ, पण सुई म्हटलं की त्यांचे ओठ पांढरे पडतात. रक्त तपासायला जातानासुद्धा त्यांना बायकोचा, सोजरबाईंचा, हात धरावा लागतो.

म्हणून ते धावले. पिंपळे गुरवच्या नदीकडच्या रस्त्यानं, पहाटे पाचला, बरोब्बर सहा दिवस. वाकडला राहणाऱ्या मुलीनं, करिष्मानं, मनगटावर बांधायचा पट्टा दिला होता. तो पावलं मोजायचा, छातीचे ठोकेही टिपायचा आणि आकडा फोनवर पाठवायचा.

सातव्या दिवशी थंडी पडली.

आता, थंडी सगळ्यांवरच पडते. दूधवाल्यावर पडते, झाडूवाल्या बायांवर पडते. पण भीमराजभाऊंवर ती वैयक्तिक आकसानं पडली असावी. कानटोपी, स्वेटर आणि वर जर्किन घालून ते पाचला घराबाहेर पडत राहिले खरे, पण जायचे थेट चौकात उभ्या असलेल्या कंपनीच्या बसपाशी. ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलेला असायचा. भाऊ पुढच्या सीटवर झोपायचे. सहाला उठून भाऊ घरून डबा घेऊन यायचे. सहा वाजून दहा मिनिटांनी बस सुटायची, तेव्हा दोघेही ताजेतवाने असत.

प्रश्न आकड्याचा होता. करिष्मा फोनवर रोज विचारायची.

तो प्रश्न यंत्रानं सोडवला. त्यांच्या लाइनवर एक स्टीलचं भांडं आहे, परातीएवढं. ते दिवसभर थरथरतं आणि त्यात ओतलेले स्क्रू एकामागोमाग ओळीनं बाहेर सोडतं. एकदा अडकलेला स्क्रू काढताना भाऊंनी पट्टा काढून त्या भांड्याच्या कडेला अडकवला आणि विसरले. अर्ध्या तासानं पाहिलं तर तीन हजार पावलं झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याची ड्यूटी लागली. साडेनऊ ते साडेअकरा. बारा हजार पावलं, एकही सुट्टी नाही, एकही तक्रार नाही. इतका आज्ञाधारक कामगार भाऊंना आयुष्यात मिळाला नव्हता.

आकडा वाढला तसे चार शब्दही वाढले. "थंडी बाहेर नसते," ते सांगू लागले, "मनात असते."

लाइनवरचा धम्मरत्न एकदा म्हणाला, "भाऊ, मग ते भांडं कशानं कुडकुडतंय?"

बावीस माणसं हसली. भाऊंनी धम्मरत्नला आठवडाभर पॅकिंगला टाकलं.

जानेवारीच्या मध्यात रिपोर्ट आला. साखर होती त्याहून वर. दवाखान्यात सोजरबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी अभिमानानं नवऱ्याचा फोन डॉक्टरांपुढे सरकवला. "बघा मॅडम, थंडी न्हाई, धुकं न्हाई, रोज धावायलेत. तरी कशी उतरंना म्हणते मी?"

"एवढं धावूनही उतरत नसेल तर गोळ्या पुरत नाहीत. इन्सुलिन लिहिते," डॉक्टर म्हणाल्या आणि पॅड ओढलं.

भीमराजभाऊंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. खरं बोलावं तर बायको, करिष्मा आणि तीन महिन्यांची भाषणं. न बोलावं तर सुई. सुईची इतकी भीती असलेला माणूस अब्रूसाठी सुई टोचून घ्यायला निघाला होता.

डॉक्टर लिहिता लिहिता फोन चाळत होत्या. पेन थांबलं.

"भाऊ, तुम्ही साडेनऊला धावता?"

"पाचला," सोजरबाई म्हणाल्या.

"इथे साडेनऊ ते साडेअकरा दिसतंय. रोज. आणि पावलं आहेत, पण छातीचे ठोके नाहीत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बारा हजार पावलं चाललात तेव्हा जिवंत होता ना?"

भाऊंनी सांगितलं. यंत्र, भांडं, स्क्रू, बस. आवाज उतरत उतरत गेला.

सोजरबाईंनी पॅड डॉक्टरांपुढे सरकवलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "लिवा मॅडम. सुई लिवा. ह्यांचा भरवसा न्हाई."

"सोजर, एक महिना दे."

"मी कोण देणार? पाचला मी उठून डबा करते. मला कुठलं मशीन हाय?"

डॉक्टरांनी मात्र महिना दिला. गोळ्या त्याच, आणि महिन्यानं उपाशीपोटी तपासणी.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोजरबाई शाल गुंडाळून मागे चालत होत्या. डबा आता साडेचारला होत होता. भाऊ शंभर पावलांवर वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. बराच वेळ बांधत राहिले.

"तिसरी गाठ मारायलाव," मागून आवाज आला. "उठा."

ते उठले. असे एकोणतीस दिवस उठले, रोज वेगळं कारण काढून आणि रोज मागून आवाज ऐकून.

फेब्रुवारीत साखर थोडी उतरली. "सुई तूर्त नको," डॉक्टर म्हणाल्या. "पण थांबू नका."

भाऊ बाहेर आले ते छाती पुढे काढूनच. बाकावर गळ्याभोवती मफलर गुंडाळून एक गृहस्थ बसले होते. भाऊ त्यांच्या शेजारी टेकले.

"थंडीत धावायचं म्हणजे बघा, सगळा मनाचा खेळ असतो—"

गृहस्थ मान डोलावत राहिले. भाऊंना आणखी जोर चढला.

"अहो, चला," सोजरबाई म्हणाल्या. "त्यांचा घसा बसलाय म्हणून ते गप हायत."