साठ घरांचा रकाना

वृद्धाश्रमाच्या कचेरीतल्या बाईंना सगळे नोंदताई म्हणत. बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या आणि अजून त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता. हे ऐकून लोकांना त्यांची कीव यायची. येऊ दे बापडी! नवा माणूस राहायला आला की ताई त्याच्या खाटेशी बसत, सवयी विचारून कार्डावर लिहीत आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवत. त्याने मान डोलावली, तरच कार्ड कपाटात जाई.

मागच्या महिन्यात संगणक आला. एकशेबारा जणांच्या सूचना ताईंनी स्वतः टाइप केल्या आणि त्या खुशीत होत्या. बुधवारी सकाळी घड्याळकाका काठी आपटत कचेरीत आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस, आवाज कधी चढवत नसे.

"ताई, तुम्ही लिहिलंच नाही! काल दुपारी पोरीचा फोन आला आणि मला झोपू दिलं."

त्यांची मुलगी मालवाहू जहाजावर कामाला होती. बंदराला लागली की फोन करायची, तोही वेळ मिळेल तेव्हा. शुक्रवारी संध्याकाळी जहाज सुटणार होतं. मग महिनाभर नुसतं पाणी.

"लिहिलंय काका. तुम्हाला वाचूनही दाखवलं होतं."

"मग गेलं कुठं?"

ताईंच्या जिवाला लागलं. त्या तडक सेविकेच्या टेबलाशी गेल्या. पडद्यावर एवढंच होतं: 'चहा बिनसाखरेचा. मुलीचा'.

"आम्हाला वाटलं, मुलगी भेटायला आली तर तिलाही बिनसाखरेचाच द्यायचा," सेविका म्हणाली.

एरवी ताई पोट धरून हसल्या असत्या. पुढचं 'फोन आला तर झोपेतून उठवा' कुणी खाल्लं होतं? त्यांनी संगणकवाल्या बाईंना फोन लावला.

"रकाना साठ अक्षरांचा आहे ताई, मी स्वतः तपासलाय. साठ वेळा इंग्रजी ए टाइप केला, साठच्या साठ परत आले."

"आणि क?"

"क कशाला टाइप करू?"

"इथले लोक ए ए करत नाहीत म्हणून!"

ताईंनी साठ क टाइप केले, साठवले आणि पुन्हा उघडून पाहिले. वीस उरले होते. आकडा ऐकताच पलीकडून बाई "अरे देवा" म्हणाल्या. रकान्यातली साठ घरं अक्षरांची नव्हतीच, बाइटची होती. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइट अडवतं आणि काना, मात्रा, वेलांटीसुद्धा प्रत्येकी तीन. पडद्यावरची चौकट अक्षरं मोजून होकार द्यायची, आतलं कोठार बाइट मोजून जास्तीचं कापून टाकायचं.

"अहो, कापताना बोंब तरी मारायची!" ताई म्हणाल्या.

बाईंनी संध्याकाळपर्यंत रकाना अक्षरांत मोजायला लावला आणि मनापासून माफी मागितली. पण कापलं गेलेलं परत कुठून येणार? ताईंनी कपाट उघडलं. गुरुवारचा अख्खा दिवस त्या कार्डामागून कार्ड टाइप करत राहिल्या आणि प्रत्येक नोंद साठवून, पुन्हा उघडून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत राहिल्या. मान अवघडली, बोटं दुखली, पण खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. एका आजींना कुशीवर वळवताना आधी सांगावं लागतं, एका आजोबांना जेवताना कुणी समोर बसलेलं लागतं. ही सगळी माणसं पुन्हा पुरती होत होती.

काका मात्र बोलत नव्हते. समोरून गेले तरी मान फिरवून.

शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली, खोल्या निजल्या आणि फोन वाजला. सेविकेने पडद्यावर पाहिलं आणि ती काकांच्या खोलीकडे धावली. ताई दारात उभ्या राहिल्या, आत जायचं धैर्य त्यांना होईना. काका धडपडत उठले. चष्मा सापडेना, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. दोन्ही हातांनी त्यांनी फोन कानाशी धरला.

"छे गं, झोपतोय कसला," ते म्हणाले, "जागाच होतो."