उंदरांच्या खोलीतला रेडिओ

उंदरांची खोली सांभाळणाऱ्या काकांना सगळी प्रयोगशाळा 'रेडिओ' म्हणायची, कारण बंद करायचं बटण देवाने त्यांना दिलंच नव्हतं. भुस्सा बदलताना, बाटल्या भरताना, उंदीर वजनकाट्यावर ठेवताना तोंड चालूच. आणि उंदरांनाही ते लागायचं. काका रजेवर गेले की उंदीर चावून चावून बदलीवाल्याची बोटं पट्ट्यांनी भरायची.

सध्या खोलीत डॉक्टरीणबाईंचा प्रयोग होता. पिल्लांना वयात येण्यापासून थोपवणारं औषध टोचायचं आणि अंग कसं वाढतं ते बघायचं: वजन, हाडं, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते टोचणाऱ्या दुसऱ्या विभागालाच ठाऊक. बाईंना ते कळता कामा नये. कळलं की हात नकळत मनासारखं मोजतो, आणि मग सगळा प्रयोग मोडीत.

काकांनाही कोणी सांगितलं नव्हतं. पण दिवसभर त्यांच्यातच वावरणाऱ्याला सांगावं कशाला लागतं? काही पिंजऱ्यांतले नर छाती काढून एकमेकांच्या अंगावर जायचे, वासही उग्र. काहींतले त्यांच्याच वयाचे गडी अजून कोलांट्या मारत होते. काकांची जीभ आपोआप त्याप्रमाणे वळली.

मोजणीच्या दिवशी बाई पट्टी घेऊन बसल्या.

"या जावईबापू," काका पहिल्याला देत म्हणाले, "रागावू नका, लगेच सोडतो." दुसऱ्याला म्हणाले, "ये रे सोन्या, पडशील हं." मग एक मादी आली, तिला सूनबाई. तिच्यानंतरची छकुली.

बाईंची पट्टी हवेतच थांबली. "काका, तो जावई आणि हा सोन्या, असं का?"

"म्हणजे काय मॅडम, ते वयात आलेत. याला अजून..."

"पुरे." बाईंनी दोन्ही कान झाकले.

तेवढ्या उंदरांची मापं बाद झाली. पुन्हा असं झालं तर माझा प्रयोग जाईल आणि तुम्ही बाटल्या धुण्याच्या खोलीत जाल, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. त्यांचा शांतपणा काकांना जास्त लागला.

मग काकांनी मौन धरलं. उंदीर बिथरले. गप्प काका म्हणजे त्यांच्या लेखी कोणीतरी परका माणूस. एकाने काटा ओला केला, एक बाईंच्या बाहीत शिरला. बाईंनी बाही झटकत हुकूम बदलला: बोला, पण सगळ्यांशी सारखं.

काकांनी घरी सराव केला. नातवाला अहो, मांजराला अहो, काकूंनाही अहो. काकू म्हणाल्या, एवढ्या संसारात पहिल्यांदा मला मान मिळाला, तोही उंदरांच्या कृपेने.

पुढच्या मोजणीला दांडग्यांपाशी "अहो, या" ठीक गेलं. पण कोलांट्यावाला हातात आला आणि काकांच्या गळ्यात लोणी उतरलं: "अहोऽऽ, या हंऽऽ."

बाई डोळे मिटून म्हणाल्या, "काका, आवाजही सारखा ठेवा."

काका विचारात पडले. आणि मग त्यांना इमारतीच्या लिफ्टमधली ती रेकॉर्डवरची बाई आठवली, जी संचालक आणि झाडूवाला दोघांनाही सारख्याच गोड बेफिकिरीने मजले सांगते. त्यांनी नाकातून सूर लावला, "कृपया पुढे या. कृपया हालचाल करू नये." उंदीर गुमान बसले, त्यांना आवाजाशी मतलब. दाराबाहेर शिकाऊ मुली तोंडात रुमाल कोंबून ऐकत होत्या. बाई हसल्या नाहीत. त्यांची पट्टी एकदाही अडली नाही. सगळी मापं शेवटपर्यंत नीट झाली.

कोणाला काय टोचलं ते लिहिलेली बंद पाकिटं दुसऱ्या विभागाने उघडली. औषधवाले नर हलके भरले होते, पण औषधवाल्या माद्या मिठाच्या पाण्यावाल्यांपेक्षा लांब झाल्या होत्या. बाईंनी त्यातली सगळ्यात लांब मादी तळहातावर घेतली. उंदराशी त्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

"काय गं, किती वाढलीस," त्या हळूच म्हणाल्या. मग, शाळेत उंचीप्रमाणे लावलेल्या रांगेत मी कशी सगळ्यात पुढे उभी असायचे आणि एका वर्षात कशी मागे गेले, ते तिला सांगत बसल्या.

काकांनी रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि दार ओढून घेतलं. दोघी बोलत असताना मध्ये उभं राहणं बरं दिसत नाही.