धुतलेल्या पायऱ्या

"ए पोरी, आधी वर ये. पूजा व्हायची हाय."

साखर कारखान्याच्या चेअरमनच्या बाईसाहेब बारवेच्या काठावरून बोलल्या. हातात पूजेचं ताट, अंगावर कोरी पैठणी. मी खाली पाण्याजवळच्या पायरीवर उभी. आमच्या कॉलेजच्या सरांनीच उभं केलं होतं मला तिथं. पाहुणे आले की बारवेची माहिती सांगायची, म्हणून.

मला वाटलं, पूजेला जागा पाहिजे असेल. मी बाजूला सरकले. तशा त्या सरांकडं वळल्या. "हिला कावून उतरवलं खाली? दुसरी कोणी घावली न्हाई का?"

आवाज चढवला नाही त्यांनी. भाजीत मीठ जास्त पडल्यावर स्वयंपाकणीला विचारावं, तसं विचारलं. सरांनी मला हातानं वर ये म्हणून खुणावलं. मी वर आले. मग बाईसाहेबांसंगं आलेल्या एका बाईनं घागर भरली आणि मी उभी होते त्या पायरीवर ओतली. तिच्या वरच्या पायरीवर ओतली. घागर संपली, तर परत खाली जाऊन भरून आणली. जिथं जिथं माझा पाय पडला होता तिथं तिथं पाणी. सगळं कॉलेज काठावर उभं राहून बघत होतं.

यंदा अंबाजोगाईत पाणी म्हणजे काय, ते सांगते. होस्टेलात पोरीमागं एक बादली. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे, आणि कपड्याचं खळबळलेलं पाणी संडासाला. टँकर आला की शिकलेल्या पोरी झिंज्या धरायच्या. मीपण धरल्यात. आणि ह्यांनी दोन घागरी माझ्या पावलांवर घातल्या.

होस्टेल त्याच कारखान्याच्या संस्थेचं. ऊसतोड्यांच्या पोरींसाठी म्हणून काढलेलं. कॉलेजही त्याच संस्थेचं. माझे माय-बा चेअरमनच्याच कारखान्याचा ऊस तोडायचे. त्यांनी तोडलेल्या उसावर कारखाना, कारखान्यावर संस्था, संस्थेवर होस्टेल, आणि होस्टेलात मला दोन भाकरी. वॉर्डनबाई जेवताना रोज ऐकवायच्या, साहेबांचे उपकार विसरू नका. भाकर घशाखाली उतरायच्या आधी उपकार उतरवायचे.

पण मला ते होस्टेल पाहिजे होतं. लई पाहिजे होतं. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम टोळीत घेताना नाक मुरडतो. माझ्या मामाच्या पोराला पुरा कोयता व्हायचं होतं, आणि त्याचा राहिलेला अर्धा म्हणजे मी. दुष्काळानं आमच्याकडचा ऊस वाळून गेलेला, टोळ्या पार कर्नाटकात जायच्या होत्या. बा दर खेपेला विचारायचा, "अजून किती शिकायचंय?" होस्टेल सुटलं की दिवाळीआधी लग्न, आणि लग्न लागलं की उसाचा फड. हे मला पाठ होतं.

अंबाजोगाई जुनं गाव. कुदळ मारावी तिथं देव निघतो, म्हणतात. हत्तीखान्याच्या लेण्यात दगडी हत्तींच्या सावलीला बसून कांता आणि मी अभ्यास करायचो. कांता माझ्या खोलीतली, तेलगावकडची, तीही तोड्याचीच पोर. पण ती गावातली, मी मांगवाड्यातली. तिनं ते कधी मधी आणलं नाही. मला इतिहास आवडायचा. हजार वर्षांमागं कोणीतरी डोंगर फोडून हत्ती कोरला, तो हत्ती माझ्याकडं आणि चेअरमनच्या पोरीकडं सारखाच बघतो, असं मला वाटायचं. येडी होते मी.

मग सरांनी शिबिर घेतलं. गावाबाहेर जुनी बारव होती, आमच्या लोकांच्या वस्तीला लागून. गळ्यापर्यंत गाळानं भरलेली. ती उपसायची. सरांनी पोरापोरींची रांग लावली, घमेली हातोहात वर द्यायची. रांग लावताना म्हणाले, "ज्यांना कामाची सवय आहे, त्यांनी खाली उतरा."

सवय. कोणाला सवय हाय ते हजेरीतल्या आडनावावरून ठरलं. आम्ही चार-पाच जण तळाला, लिंबाच्या सावलीत बाकीचे. तेव्हा मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू. उलट आनंद झाला. गाळ निघेल तशी एकेक पायरी उघडी व्हायची, एकेक देवळी. एका देवळीत बोटं घातली तर आत गणपती. सोंड तुटलेली. मी त्याचं तोंड माझ्या ओढणीनं पुसलं. शेवटी तळ लागला, आणि एका कोपऱ्यातून पायाला गार लागलं. मी ओरडले, ओल लागली. सगळे टाळ्या पिटायला लागले. ते पाणी आधी माझ्या पायाला लागलं होतं. गाळातलं होतं तोवर ते कोणाच्या लेखी बाटलं नाही.

पाणी साचलं, निवळलं, आणि जलपूजनाचा दिवस ठरला.

त्या दिवशी मला वर बोलावून पायऱ्या धुऊन झाल्या. ओटी भरली, नारळ फुटला. चेअरमन भाषणात म्हणाले, सहकार म्हणजे सगळ्यांनी हात लावणं. टाळ्या पडल्या. मग सरांनी माझ्या हातात माईक दिला आणि हळूच म्हणाले, "तू इथूनच सांग. आवाज चांगला आहे तुझा."

सर वाईट नव्हते. माझ्यासाठी ग्रंथालयातून पुस्तकं काढायचे. म्हणून ते जास्त लागलं. कांतानं मागून माझी ओढणी ओढली. "सांगून मोकळी हो. होस्टेल जाईल, बाई."

मी माईक तोंडाजवळ नेला. समोर सगळ्या पायऱ्या ओल्या, उन्हात चकाकणाऱ्या. मला एकदम माय दिसली. ती टँकरच्या पाईपाखालचा सांडलेला ओहळ वाटीनं भरून घ्यायची. आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "ही बारव मी खाली उतरून उपसली. माहिती बी खाली उतरूनच सांगीन."

माईक सरांच्या हातात दिला आणि उतरले. ओल्या पायऱ्यांवरून, मधोमध. कोणीतरी मागून ओरडलं, "ए, धरा तिला." धरायचं तर मला हात लावावा लागला असता. कोणी आलं नाही. तळाला गेले, हळदी-कुंकवाचं पाणी हातानं बाजूला सारलं, आणि ओंजळीनं प्याले. चुना मारल्यासारखी चव होती. वर बघितलं तर सगळी तोंडं खाली वाकलेली. मी मोठ्यानं सांगायला लागले, ही देवळी, हा गणपती, ही बांधणी. बिनामाईकचं. वर कोण ऐकत होतं, कोण निघून गेलं, मी बघितलं नाही.

पाहुण्यांसमोर चेअरमन हसले. म्हणाले, पोर हाय. संध्याकाळी माझी पेटी होस्टेलच्या दारात होती. कांता रडत माझी चादर घड्या घालत होती. सर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बा आला. त्याला सगळं कळलेलं. पेटी उचलायला वाकला आणि म्हणाला, "चल. मुकादम दारात बसून हाय. मामा बी आलाय."

मी पेटीवर पाय ठेवला. बापाच्या हातावरच पडला असता, इतक्या जवळ.

"बा, मुकादमाकडनं माझ्या नावावर आगाऊ उचल घेऊ नको. मी येत न्हाई."

"ऱ्हाशील कुठं?"

ते मला माहीत नव्हतं. बारवेच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं नंतर पडवी दिली, तिची धुणी-भांडी करायच्या बोलीवर. पण तेव्हा दारात उभी होते तेव्हा काहीच नव्हतं. बा मला मारील वाटलं. त्यानं पेटीची कडी सोडली. मग म्हणाला, "तुझ्या मायला काय सांगू?"

"सांग, पोरगी पाण्याला गेली."

होस्टेल गेलं तरी कॉलेजातलं नाव राहिलं. त्या दिवसापासून मी रोज कॉलेजच्या आधी घागर घेऊन त्या बारवेत उतरते. मधल्या पायऱ्यांवरून. वस्तीतल्या बायका आधी काठावर थबकायच्या, आता माझ्या मागं उतरतात. परवा कोणीतरी परत पायऱ्या धुतल्या होत्या. धुवा. दुष्काळ तुमचा बी हाय, पाणी तुमचं बी संपेल. मी उद्या सकाळी उतरणार हाय.