बूट माफ, सात दिवस

बर्फातल्या त्या चौकीवर आमची पोस्टिंग नऊ महिन्यांची होती. रोज पहाटे पाचला गस्त निघायची आणि दोनच्या आत परतायची. माझी उजवी टाच तिथं पोहोचण्याआधीच बिघडली होती. टाचेच्या वरची जाड शीर सकाळी पहिल्या पावलांना खिळा ठोकल्यासारखी दुखायची. तीन महिने मी क्रेप बँडेज बांधून गप्प राहिलो. फौजेत सिक रिपोर्टला गेलेल्याकडे लोक कामचोर म्हणून बघतात. मीही तसाच बघत आलो होतो.

शेवटी लंगडणं लपेना. मेडिकल ऑफिसरनं चिठ्ठी दिली. बूट माफ, सात दिवस, लाइट ड्यूटी. चौथ्या दिवशी गस्तीत माझ्या जागी लान्स नायक दशरथ राठोड गेला. तो आमच्याच उमरखेड तालुक्यातला, माझ्या गावापासून दोन किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातला.

"बस आता चपला घालून," निघताना म्हणाला. "साहेब झाला तू."

मी वायरलेस सेटवर होतो. अकरा चाळीसला आवाज आला.

"कंट्रोल, बर्फ खिसका है. एक दब गया. ओव्हर."

"कौन?"

"दशरथ."

लॉगबुकात वेळ मीच लिहिली. दुपारी दोनला त्याला बाहेर काढलं. तो गेला होता.

पेन्शनवर आलो त्याला सहा वर्षं झाली. बायको वारली, मुलगी पुण्याला असते. घरात मी एकटाच. टाच दुखतच होती आणि मी ती दुखू देत होतो. मला ते योग्यच वाटायचं. यंदा सोयाबीन काढताना मात्र पाऊल टेकेना, तेव्हा पुसदला गेलो. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दाखवला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा.

"बारा आठवडे, काका. घाई करायची नाही."

गावात शाळेला पायऱ्या आहेत, पण तिथं दहा जण चौकशा करणार. म्हणून मी मोटारसायकलनं तांड्यावर जाऊ लागलो. तिथं दशरथच्या घरासमोर त्याचं स्मारक बांधलंय, त्याला पायऱ्या आहेत. चपला काढून पायरीवर उभा राहायचो. पहिल्या आठवड्यात पीटीच्या ठेक्यात तिन्ही सेट दीड मिनिटात उरकले आणि टाच सुजवून घेतली. मग अक्कल आली.

सहाव्या आठवड्यात दशरथची आई घरातून बाहेर आली. सगळे तिला याडी म्हणतात. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई.

"काहून रे, हे काय करून राह्यला तू?"

मी टाचेचं सांगितलं. मग इतकी वर्षं जे सांगायची हिंमत झाली नव्हती, तेही सांगितलं. त्या दिवशीची गस्त माझी होती.

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं.

"तुही माय हाये का?"

"नाही, याडी. मी भरती व्हायच्या आधीच गेली."

"मंग तूच गेला पायजे होता."

"हो," मी म्हणालो. तिनं दार लावून घेतलं.

मी व्यायाम सोडला. तांड्याकडे जाणंही सोडलं. दुखणं परत आलं. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नसे. तिचा राग यावा तर तोही येईना. मला फार एकटं वाटलं, हे सरळच सांगतो.

अकराव्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी होती. सत्तरीची बाई, चालत आलेली.

"येत काहून नाही?"

"कोन्या तोंडानं येऊ, याडी?"

"तुह्या टाचेसाठी माहा पोरगा गेला. ते टाच अशीच ठेवशीन, तं तो कायले गेला?"

पाणीही न घेता ती परत फिरली. मोटारसायकलवर सोडतो म्हटलं, पण बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पायरीवर होतो. बारा आठवडे पुन्हा एकपासून मोजले. ती अंगणात बसून बघायची, पण बोलायची नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी पलंगावरून उतरलो आणि टाच दुखली नाही. त्या दिवशी तांड्यावर पायी गेलो.

याडीनं मला पायरीवर बसवलं आणि टाचेवरची शीर अंगठ्यानं जोरात दाबली.

"दुखते?"

"नाही."

ती उठली, स्मारकावरच्या नावाकडे वळली आणि तिनं मोठ्यानं, आपल्या गोर बोलीत, दशरथला सांगितलं की टाच बरी झाली.